आधी आकृती, मग प्रमेय : सोलापूर जिल्ह्यातल्या गणिताच्या शिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
मुख्याध्यापक आणि गणिताचे सर्व शिक्षक-शिक्षिका,
माध्यमिक शाळा, सोलापूर शहर व जिल्हा

विषय : भूमितीच्या तासाला मुलांना पाहायला, काढायला आणि कापून जुळवायला वेळ मिळावा

सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरातल्या एका आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवतो. तुमच्या शाळांतून दहावी झालेली मुलं पावसाळ्यात माझ्या वर्गात येतात. कुणी फिटरला, कुणी टर्नरला; कुणी बार्शीचा, कुणी मोहोळचा, कुणाचे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर. पहिल्याच आठवड्यात मी टेबलावर खाच पाडलेला लोखंडी ठोकळा ठेवतो आणि सांगतो, "हा बरोबर वरून पाहिला तर कसा दिसेल, तेवढंच काढा." बहुतेक मुलं तो बसल्या जागेवरून दिसतो तसा तिरका काढतात. काही जण समोरची आणि वरची बाजू एकाच चित्रात जोडून टाकतात. आणि दरवर्षी कुणी ना कुणी अगदी प्रामाणिकपणे विचारतं, "सर, याचं सूत्र काय?"

या मुलांना भूमिती येत नाही असं म्हणवत नाही, कारण त्यांच्यातल्या कित्येकांना भूमितीत चांगले गुण आहेत. पायथागोरसचं प्रमेय पक्ष, साध्य, रचना, सिद्धता अशा क्रमाने ती धडाधड लिहून दाखवतात. मग मी फळ्यावर तोच त्रिकोण फिरवून काढतो, कर्ण खाली आडवा घेतो, शिरोबिंदूंना एबीसीऐवजी पीक्यूआर नावं देतो, आणि लिहिणारे हात थांबतात. प्रमेय पाठ होतं, पण ते ज्या त्रिकोणाबद्दल आहे तो त्रिकोण कधी नीट पाहिलाच नव्हता.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. दहावीला बीजगणित आणि भूमिती असे दोन भाग, प्रत्येकी ४० गुणांची दोन तासांची लेखी परीक्षा, जानेवारीच्या आत संपवायचा अभ्यासक्रम, आणि वर निकालाची टक्केवारी. अशा वेळी 'महत्त्वाची प्रमेये' अशी यादी करून ती घोटून घेणं हाच सोपा मार्ग वाटतो. भौमितिक रचनांचा धडा तर हमखास गुणांचा म्हणून ओळखला जातो: पायऱ्या पाठ करा, कंपास फिरवा, गुण घ्या. लंबदुभाजकावरचा प्रत्येक बिंदू दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर का असतो, हे विचारायला कुणाला सवड नसते. तरीही मला वाटतं की थोडी सवड काढायला हवी, आणि ती काढली तर वेळ वाया न जाता उलट वाचेल. म्हणून हे पत्र.

आपल्या पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत सकाळी चक्कर मारा. पद्मशाली घरांच्या दारासमोर ठिपक्यांची रांगोळी असते. तेलुगूत तिला मुग्गू म्हणतात. तिच्यातली एक साधी मांडणी अशी: वर एक ठिपका, त्याखाली दोन, मग तीन, मग चार, पुन्हा तीन, दोन, एक. एकूण ठिपके किती? मुलं बेरीज करतात: १६. पाचपर्यंत चढून उतरलं तर २५, सहापर्यंत ३६. दरवेळी वर्गसंख्याच का येते? बीजगणिताने हे सिद्ध करता येतं, पण रांगोळी घालणाऱ्या मुलीला त्याची गरज पडत नाही. तिने मान जराशी तिरकी केली की त्याच ठिपक्यांच्या चार-चारच्या चार ओळी दिसतात. ती रांगोळी म्हणजे टोकावर उभा केलेला चौरसच. आता एका कोपऱ्यातून सुरुवात करून काटकोनी पट्ट्या वेगवेगळ्या रंगांनी भरा. पहिल्या पट्टीत १ ठिपका, दुसरीत ३, तिसरीत ५, चौथीत ७. बेरीज पुन्हा १६. पहिल्या दहा विषम संख्यांची बेरीज १०० का होते, हे आठवीतल्या मुलीला एक अक्षर न लिहिता कळतं. दहावीच्या बीजगणितात अंकगणिती श्रेढी शिकवताना हीच बेरीज आपण सूत्राने काढतो. सूत्राआधी दहा मिनिटं ठिपके मांडले तर सूत्र कुठून आलं ते मुलांना दिसेल, आणि विसरलं तर पुन्हा उभं करता येईल. म्हणजे चित्रातून विचार करणं ही फक्त भाग दोनची गोष्ट नाही. बीजगणिताच्या तासालाही ते तितकंच लागतं.

सोलापुरी चादरीबद्दल तर मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण माझे वडील नक्षीचे कागद भरायचे. जॅकार्डच्या मागावर मोर विणायचा असेल तर तो आधी चौकटींच्या कागदावर उतरवावा लागतो. कागदावरचा प्रत्येक उभा रकाना ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्याचा; प्रत्येक आडवी ओळ बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, एका फेरीची. भरलेल्या चौकटीसाठी पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक पाडायचं. भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. एक कार्ड म्हणजे बाण्याची एक फेरी. जोझेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच माणसाने १८०४ च्या सुमारास ही यंत्रणा बनवली. आता पुष्कळ ठिकाणी कार्डांऐवजी संगणकातून आज्ञा जातात, पण चौकटींचा हिशेब तोच आहे.

यातली खरी भूमिती पुढेच आहे. एका इंचात ताण्याचे धागे जितके, तितकेच बाण्याचे असतात असं नाही. समजा उभे धागे इंचाला ४० आणि आडवे ३० आहेत. चौरस चौकटींच्या कागदावर तुम्ही ६० चौकटी रुंद आणि ६० चौकटी उंच असं सुरेख गोल चक्र काढलंत. कापडावर ते दीड इंच रुंद आणि दोन इंच उंच येईल, म्हणजे लांबट अंडाकृती. म्हणून जाणता नक्षीकार चौरस चौकटींचा कागद घेतच नाही. धाग्यांच्या प्रमाणात आखलेला कागद घेतो. कागदावर मोर विचित्र दिसतो आणि चादरीवर बरोबर उतरतो. निर्देशक भूमितीत दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखं घ्या, असं आपण मुलांना सांगतो. ते सारखं घेतलं नाही तर काय होतं, हे या शहरातल्या शेकडो घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, पण वर्गात त्याचा उल्लेख होत नाही. एका तासाला आलेख कागदावर वर्तुळ काढायला सांगा, मग एका अक्षावरचं प्रमाण बदलून तेच बिंदू पुन्हा मांडायला सांगा. मुलांपैकी कुणाच्या तरी घरी आजोबांनी भरलेला एखादा जुना नक्षीचा कागद निघेलच. तो वर्गात मागवा.

बांधकामावरचा गवंडीही हेच करतो. पायाची आखणी करताना तो लाइनदोरीने एका बाजूला ३ फूट मोजतो, दुसऱ्या बाजूला ४ फूट, आणि तिरकं माप ५ फूट येईपर्यंत दोरी सरकवतो. ते जुळलं की काटकोन मिळाला. याचं कारण भास्कराचार्यांनी बीजगणित या ग्रंथात एका आकृतीने दाखवलं आहे. एकसारखे चार काटकोन त्रिकोण असे मांडायचे की बाहेर कर्णावरचा मोठा चौरस तयार होईल. मध्ये एक लहान चौरस उरतो. ३, ४, ५ घेतले तर प्रत्येक त्रिकोणाचं क्षेत्रफळ ६, चारांचं २४, मधल्या चौरसाची बाजू ४ उणे ३ म्हणजे १, क्षेत्रफळही १. एकूण २५. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून हे पाच तुकडे कापायला नववीच्या मुलाला पंधरा मिनिटं पुरतात. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने स्थापन केलेल्या मठाचा शिलालेख आपल्याच राज्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला सापडला. त्यांची आकृती आपल्या मुलांनी हातात धरू नये, याचं मला वाईट वाटतं.

आता एका रास्त शंकेबद्दल. तुमच्यातले काही अनुभवी शिक्षक म्हणतील, चित्रावर विसंबणं धोक्याचं आहे, डोळा फसवतो, म्हणूनच तर सिद्धता लागते. अगदी बरोबर आहे. १९५९ साली फ्रान्समध्ये रोयोमों इथे शालेय गणितावर परिषद झाली, तेव्हा ज्याँ द्यूदोने या मोठ्या गणितज्ञाने 'युक्लिड हटवा' अशी घोषणाच दिली होती. युक्लिड या प्राचीन ग्रीक गणितज्ञापासून चालत आलेली त्रिकोणांची जुनी प्रमेयं घोकण्यात मुलांची वर्षं जाऊ नयेत, हा त्यांचा आग्रह मला समजतो. पण त्या काळात आलेल्या, संच आणि अमूर्त रचनांवर भर देणाऱ्या 'नव्या गणिता'मुळे अनेक देशांत शाळेतली भूमिती आक्रसली, आणि मुलांच्या हाती आकृतीही राहिली नाही आणि तर्कही पक्का झाला नाही.

डोळा फसतो हे मुलांना सांगून पटत नाही. ते फसवूनच दाखवावं लागतं. ८ बाय ८ चा चौरस घ्या, चौकटी ६४. त्याचे चार तुकडे करा: ३ आणि ८ बाजूंचे दोन काटकोन त्रिकोण, आणि समांतर बाजू ३ व ५ आणि उंची ५ असलेले दोन समलंब चौकोन. हेच तुकडे फिरवून मांडले की ५ बाय १३ चा आयत होतो. चौकटी ६५! एक चौकट आली कुठून? मी हा खेळ माझ्या वर्गात करतो तेव्हा मुलं भांडायला उठतात, पुन्हा कापतात, पुन्हा मोजतात. शेवटी एखादा त्रिकोणाच्या कर्णाचा चढ काढतो: ३ भागिले ८, म्हणजे ०.३७५. समलंब चौकोनाच्या तिरक्या बाजूचा चढ २ भागिले ५, म्हणजे ०.४. दोन्ही सारखे नाहीत. आयताचा कर्ण म्हणून जी सरळ रेषा वाटत होती ती सरळ नव्हतीच. मध्ये एक चिंचोळी फट होती, बरोबर एका चौकटीच्या क्षेत्रफळाची. त्या दिवसानंतर 'सिद्ध करा' हे शब्द मुलांना शिक्षेसारखे वाटत नाहीत. आकृती पाहिल्याशिवाय शंका येत नाही, आणि शंका आल्याशिवाय सिद्धतेची गरज कळत नाही. आपण मात्र सुरुवातच सिद्धतेपासून करतो.

हे केवळ माझं मत नाही. हॉलंडमधल्या पिअर आणि डीना व्हॅन हीले या शिक्षक पती-पत्नीने १९५७ साली आपल्या प्रबंधांत मांडलं की भूमितीची समज टप्प्याटप्प्याने चढते. आधी मूल आकार एकूण रूपावरून ओळखतं, मग त्याचे गुणधर्म पाहतं, मग गुणधर्मांचे परस्परसंबंध लावतं, आणि त्यानंतर सिद्धतेपर्यंत पोचतं. मधला टप्पा गाळून पुढच्या टप्प्याची भाषा बोलली, तर शिक्षक आणि मूल एकमेकांशी बोलत असूनही त्यांची भेट होत नाही. तुमच्या सहावीच्या वर्गात एक चौरस टोकावर उभा करून दाखवा आणि हा कोणता आकार ते विचारा. 'पतंग', 'हिरा' अशी उत्तरं आली तर ती मुलं पहिल्याच टप्प्यावर आहेत, आणि आठवीत त्यांना समांतरभुज चौकोनाचे गुणधर्म सांगताना हे लक्षात ठेवावं लागेल.

'काही मुलांना जात्याच चित्र दिसतं, काहींना नाही' हेही मी फार ऐकतो, विशेषतः मुलींबद्दल. हे खरं नाही. अवकाशातल्या आकारांची समज सरावाने वाढते का, यावर झालेल्या २१७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला, आणि ती वाढते असाच त्याचा निष्कर्ष आहे. अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी यांनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या, या बाबतीत कच्च्या असलेल्या विद्यार्थ्यांसाठी छोटा अभ्यासक्रम चालवला. ठोकळे पाहून काढणं, फिरवून काढणं, कापून काढणं एवढंच त्यात असायचं. त्याचा फायदा झाला, आणि मुलींना तर शिक्षण पुढे चालू ठेवायला त्याने मोठा हात दिला. माझ्या वर्गातही तीन-चार महिन्यांत फरक पडतो. पण तोवर काही मुलं 'मला ड्रॉइंग जमत नाही' असं ठरवून बसलेली असतात, आणि तो ग्रह काढणं रेघ शिकवण्यापेक्षा अवघड असतं.

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचाही इथे विचार करायला हवा. फ्रेंच गणितज्ञ बर्नार मोरां लहानपणीच अंध झाले, आणि तरीही गोलाचा आतला पृष्ठभाग बाहेर कसा उलटवता येतो यावरचं त्यांचं काम अत्यंत मोलाचं ठरलं. मातीची, तारेची, पुठ्ठ्याची प्रतिकृती हाताने चाचपून जे कळतं तेही 'पाहणं'च. म्हणून मी फक्त स्मार्ट बोर्डाच्या भरवशावर राहू नका म्हणतो. जिओजेब्रा हे आकृत्या काढून हलवून पाहण्याचं सॉफ्टवेअर मोफत आहे, मराठीतही वापरता येतं, जरूर वापरा. वर्तुळावरचा बिंदू सरकवला तरी एकाच कंसातला कोन बदलत नाही, हे त्यावर फार छान दिसतं. पण त्याआधी मुलाने स्वतःच्या कंपासने चार वर्तुळं काढलेली असावीत. कंपासपेटी परीक्षेच्या दिवशीच उघडणारी मुलं मी पाहतो, तिच्यातला गुण्या कशासाठी असतो हे त्यांना ठाऊक नसतं.

मग मागणं काय? दहावीची लेखी परीक्षा मंडळाच्या हातात आहे, ती सध्या बाजूला ठेवू. नववीच्या प्रश्नपत्रिका मात्र तुम्हीच काढता. त्यांत पाठ्यपुस्तकातली आकृती जशीच्या तशी न देता एखाद्या प्रश्नात ती फिरवून द्या, अक्षरं बदला, एक रेघ कमी ठेवा आणि ती मुलांना शोधू द्या. एक प्रश्न असा असू द्या की ज्यात शब्दांतलं वर्णन वाचून फक्त आकृती काढायची आहे, बाकी काही सिद्ध करायचं नाही. बरोबर आकृतीला पूर्ण गुण. अंतर्गत मूल्यमापनाच्या गृहपाठात वहीत उतरवलेल्या प्रमेयांऐवजी एखादी कापून जुळवलेली आकृती स्वीकारा. आठवड्यातून एक भूमितीचा तास असा ठेवा की फळ्यावर शिक्षकाने लिहायचं नाही, मुलांनी कागदावर काढायचं. बटाट्याचा घन कापून आणायला सांगा आणि एकाच सुरीच्या कापात षट्कोन मिळतो का ते शोधू द्या. मिळतो, घनाच्या सहा कडांच्या मध्यबिंदूंतून काप गेला तर सहाही बाजू समान येतात. मुख्याध्यापकांना माझी विनंती एवढीच की त्या तासाला वर्गात गोंगाट झाला तर तो चालू द्यावा, आणि निरीक्षणाला आल्यावर 'वहीत काही लिहिलेलं दिसत नाही' असा शेरा देऊ नये.

एक काम आपण सगळे मिळून करू शकतो. २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र समान असतात, सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर वर असतो. त्या दिवशी शाळेच्या मैदानात एक मीटरची सरळ काठी ओळंब्यात उभी करा. सोलापुरात सूर्य सर्वांत वर येतो तो घड्याळाच्या बारा वाजता नाही, सव्वाबाराच्या थोडं पुढे. म्हणून बारापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा आणि सर्वांत लहान सावली मोजा. ती सुमारे ३२ सेंटिमीटर भरेल. आलेख कागदावर काठी आणि सावलीचा काटकोन त्रिकोण प्रमाणात काढून काठीच्या टोकाशी होणारा कोन मोजला की तो साडेसतरा-अठरा अंशांच्या दरम्यान येतो. हेच सोलापूरचं अक्षांश. मुलांनी नकाशा न उघडता ते काढलेलं असेल, आणि सर्वांत लहान सावलीची दिशा म्हणजे खरी उत्तर, हेही सोबत मिळेल.

आणखी पुढे जाता येतं. उज्जैन सोलापूरच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. दोन्ही शहरांच्या रेखांशांत फरक अगदी थोडा. त्याच दिवशी तिथे एक मीटरच्या काठीची सावली सुमारे ४३ सेंटिमीटर पडते, म्हणजे कोन २३ अंशांच्या थोडा वर. दोन कोनांतला फरक साधारण साडेपाच अंश, आणि नकाशावर सरळ अंतर ६१० किलोमीटरच्या आसपास. साडेपाच अंशांना एवढं, तर ३६० अंशांना किती? मुलांचं उत्तर ४०,००० किलोमीटरच्या जवळ येईल. अलेक्झांड्रियाच्या इरॅटोस्थेनीसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात पृथ्वीचा परीघ याच विचाराने काढला होता. संगत कोन आणि व्युत्क्रम कोन यांचा धडा नववीत आहेच. दोन्ही शहरांवर पडणारे सूर्यकिरण समांतर, म्हणून तो फरक पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनाइतका, हे त्या धड्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

यासाठी लागणारे ओळंबे आमच्या वर्कशॉपमध्ये आहेत, आणि काठ्या तासून द्यायला माझे विद्यार्थी तयार आहेत. शाळेने एक गणित शिक्षक आणि आठ-दहा मुलं नेमावीत, बाकी साहित्याचा खर्च जवळपास काहीच नाही. त्या दिवशी ढग असतील तर दोन-तीन दिवस मागेपुढे चालेल, फरक एखाद्या अंशाचा पडेल आणि तो का पडला हाही मुलांना प्रश्न म्हणून देता येईल. शहरातल्या आणि तालुक्यांतल्या शाळांची मापं माझ्याकडे जमा झाली की करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतचा एकच तक्ता करून मी सगळ्यांना पाठवीन. उज्जैनमधल्या शाळांना पत्र लिहून त्यांची मापं मागवण्याचं कामही माझ्याकडे असू द्या.

आपला,
आयटीआयमधला एक ड्रॉइंग शिक्षक
सोलापूर